दारावरच्या राक्षसाची झोप

हेवा हा शब्द मी शाळेत निबंधात वापरला असेन, पण तो शरीरात नेमका कुठं असतो हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं. माझा मानेत होता. शेजारच्या खुर्चीकडे बघायचं नाही म्हणून मान ताठ धरायला लागायची, आणि संध्याकाळी ती दुखायची.

ती खुर्ची माझ्या मित्राच्या घरातली. हा मित्र रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदाराचा मुलगा, माझ्याच वर्गातला. त्याचे काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून येताना एक कॉम्प्युटर आणला होता. टाइपरायटरच्या निम्म्या आकाराची चपटी पेटी, ती टीव्हीला जोडायची, आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावून कॅसेटवरचा खेळ पेटीत भरायचा. भरत असताना टेपरेकॉर्डर इतका किंचाळायचा की काकू, म्हणजे मित्राची आई, तेवढा वेळ देवघराचं दार लोटून घ्यायच्या.

मी हातखंब्याच्या पलीकडचा, हमरस्ता सोडून आत जावं लागतं अशा गावातला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. वडील मुंबईत एका बेकरीत कामाला आहेत, शिमग्याला आणि गणपतीला येतात. मी मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला एका खोलीत भाड्यानं राहायचो. त्यामुळे त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा चप्पल कुठं काढावी इथपासून मला प्रश्न होते. पण खेळ समोर आला तेव्हा मी थोडा सैल झालो, कारण त्यात घाई नव्हती.

खेळ असा होता. एक गुहा, गुहेत खजिना, आणि गुहेच्या दारावर एक राक्षस. टीव्हीवर चित्र फारसं नव्हतं, बहुतेक सगळं इंग्रजी अक्षरांतच घडायचं. आपण एक चाल करायची, मग राक्षस एक करणार. आपली पाळी असेपर्यंत तो थांबून राहायचा. आपण आत जाऊन पाणी पिऊन आलो तरी तसाच उभा. मला बोलायलासुद्धा वेळ लागतो, म्हणून तो राक्षस मला बरा वाटला.

आपल्या पाळीला तीन गोष्टी करता यायच्या. एकचं बटण दाबलं की तलवारीचा फटका. दोनचं दाबलं की झोपेचा मंत्र. तीनचं दाबलं की विष. फटका नेहमी बसायचा, कधी कमी कधी जास्त. झोप आणि विष यांचं मात्र नक्की नव्हतं. लागली तर राक्षस जागच्या जागी घोरत पडायचा, आपण त्याला सावकाश मारायचं. नाही लागली तर आपली पाळी फुकट, आणि वर त्याचा फटका. त्याचे चार फटके बसले की आपण संपलो.

मित्र नुसता एकचं बटण दाबायचा. "मंत्रांवर विश्वास नाही आपला," तो म्हणायचा. दर वेळी दारातच मरायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

त्या खेळाची एक सोय होती. तो मध्येच थांबवून त्याच्या आतल्या ओळी वाचता यायच्या. मित्रानं त्या एकदा सहज दाखवल्या, आणि मी त्यातली झोपेची ओळ शोधून काढली. पेटी स्वतःच्या मनानं शून्य आणि एकच्या मधला एक आकडा काढते, आणि तो सहा दशांशापेक्षा कमी असला तर झोप लागते. म्हणजे पाचात तीन. विषाची ओळ पाचात चार म्हणत होती, पण विष हळूहळू भिनायचं, आणि राक्षस मरेपर्यंत आपण आधी मेलेलो असायचो. हे आमच्या संख्याशास्त्राच्या तासाला जे चाललं होतं तेच होतं. फक्त तिथं पिशवीतले लाल आणि पांढरे चेंडू असायचे, आणि ते मला कधी दिसायचे नाहीत. राक्षस दिसत होता.

माघाचे दिवस जवळ आले होते. त्यांच्या पडवीत आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या रचलेल्या होत्या, आणि खिळे ठोकणारी माणसं तिथंच बसून पेट्या जोडायची. कागद मागायला संकोच वाटला म्हणून मी एका फळीवर पेन्सिलीनं गणित मांडलं. एका पाळीत झोप न लागण्याचा संभव पाचात दोन. लागोपाठ दोन पाळ्यांत न लागण्याचा, पंचवीसात चार. म्हणजे पहिल्या दोन पाळ्या मंत्रालाच दिल्या तर पंचवीसात एकवीस वेळा राक्षस झोपलेला असणार, आणि आपण अजून अर्धे जिवंत. उशीर करण्यात फायदा काहीच नव्हता. आधी झोप, मग तलवार. जाग आली की पुन्हा झोप.

आम्ही तसं खेळलो आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा गुहेच्या आत गेलो.

मित्रानं फळी उचलून आईला दाखवली. "हा बघ आमचा हिशेबनीस."

"फळी परत ठेव हो तिथं," काकू म्हणाल्या, "पेटीला कमी पडेल."

ती फळी पुढं पेटीला लागली आणि मुंबईच्या बाजारात गेली असणार. मला तेव्हा त्याचाही आनंद वाटला.

त्यानंतर तलवारीचं बटण मित्राचं आणि मंत्राची बटणं माझी, असं ठरून गेलं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. दुसरी माझी झाली. काकू चहाचे दोन कप आणायच्या, माझ्यापुढचा कान तुटलेला कपसुद्धा माझा म्हणून ठरलेला.

मग कॉलेजात विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं. ते शिमग्याच्या जरा आधी होणार होतं. आमच्या सरांनी मित्राला कॉम्प्युटर आणायला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी बसून सगळ्यांसमोर राक्षसाला हरवून दाखवायचं ठरलं. मी गावच्या एका माणसाबरोबर मुंबईला वडिलांना निरोप पाठवला. शिमग्याला येणारच आहात तर जरा लवकर या, मी सगळ्या कॉलेजसमोर कॉम्प्युटरवर बसणार आहे. असा निरोप मी आयुष्यात कधी पाठवला नव्हता. निरोप नेणाऱ्या माणसानं मला दोनदा विचारलं, "कशावर बसनार म्हनून सांगू?"

आता त्याच्याबद्दल लिहायला हवं.

तो माझ्या खोलीत राहायचा. हेदवीकडच्या एका गावातला, आर्ट्सला होता. त्याचे वडील गावच्या देवीपुढं गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवापुढं उभं राहून एक जण सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि बाकीचे दर वाक्याला होकार भरतात, ते गाऱ्हाणं. त्याचा आवाज वडिलांवर गेला होता. खोलीत तो हळू बोलला तरी खाली रस्त्यावर बर्फाच्या गाड्या भरणारी माणसं वर बघायची. त्याच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं, अजून नाही. रविवारी संध्याकाळी आमची खानावळ बंद असते. मी मित्राकडे निघालो होतो आणि तो खाटेवर नुसता पडला होता. मीच म्हटलं, चल.

त्या दिवशी माझा मंत्र दोनदा फुकट गेला. असं पंचवीसात चार वेळा होणारच, हे मी म्हणत होतो.

मागं उभा राहून तो म्हणाला, "तू कालच्या फुलांवर कौल मागतोयस."

"म्हणजे?" मित्रानं विचारलं.

"आमच्याकडे देवीला फुलांच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. पण एकाचं मागून झालं की त्या पाकळ्या काढायच्या, देवीला पाणी घालायचं, मग दुसऱ्यानं मागायचं. तुम्ही मघापासून त्याच त्या पाकळ्यांवर मागताय. ही पेटी बंद करा पाहू."

"अरे, परत भरायला लागेल सगळं."

"भरू की. घाई कुठं हाय?"

त्यानंच हात घालून बटण बंद केलं, परत चालू केलं. कॅसेट किंचाळायला लागली. ती थांबली तसा तो टीव्हीपुढं हात जोडून उभा राहिला. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टाच करत होता, पण आवाज थट्टेचा नव्हता.

"बा देवा म्हाराजा."

पडवीत खिळे ठोकणारे दोघं जण हातोड्या खाली ठेवून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"आज ह्या लेकरांनी जो काय खेळ मांडलाय, त्यात काय चुकलंमाकलं असंल तं पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता मित्रही म्हणाला.

"आनी ह्या दारावरच्या राक्षसाला, बारा गावचा बारा मुलखाचा फिरून दमलेला हाय तो, त्याला जरा गाढ झोप लागू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या आणि हसल्या.

मग त्यानं मित्राला सांगितलं, "दोनदा दार वाजव. न वाजवता कोणाच्या घरात शिरू नये." मित्रानं तलवारीचे दोन फटके मारले. राक्षसानंही दोन मारले. माझ्या हिशेबानं हा शुद्ध वेडेपणा होता, निम्मा जीव विनाकारण गेला होता. मी खुर्चीत बसलेलो, तो माझ्या खांद्यावरून वाकला आणि दोनचं बटण दाबलं.

राक्षस झोपला.

मी म्हणालो, "पाचात तीन वेळा लागतेच."

"तुझं खरं हाय," तो म्हणाला, अगदी मनापासून.

पुढच्या रविवारी तो आपणहून माझ्याबरोबर निघाला. पुन्हा पेटी बंद केली, चालू केली, गाऱ्हाणं, दोनदा दार, झोप. लागली. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, तुझ्या समाधानासाठी मीही पेटी बंद करून चालू करतो, पण दार वाजवणार नाही, सरळ झोप टाकणार. टाकली. नाही लागली. "होतं असं," तो म्हणाला. मग त्यानं परत सगळं पहिल्यापासून केलं, आणि त्याची लागली.

असं पुढंही होत राहिलं. त्याची कधी चुकायची नाही. मी नव्यानं सुरू करून पहिली झोप टाकली की ती कधी लागायची नाही. संख्याशास्त्रात याला जागा होती. लागोपाठ पाच वेळा लागणं अवघड असतं, अशक्य नसतं. सहा वेळाही नसतं. मी मनात गुणाकार करत जायचो, उत्तर लहान लहान होत जायचं, आणि मान दुखायची.

मित्र म्हणायला लागला, "हात चांगला आहे रे याचा."

काकू तीन कप आणायला लागल्या. आमचा चहा व्हायच्या आत पडवीतली माणसं त्याला बोलवायची, "ओ गाऱ्हाणेवाले, आमच्या पेट्यांना पन काय तरी बोला, भाव येऊ दे." तो उठून जायचा, पेट्यांवर हात ठेवून चार वाक्यं म्हणायचा, सगळे हसायचे. एकदा काकूंनी आंबोळ्या केल्या होत्या. त्याच्यापुढं ताटली ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू पण घे." मी वर्षभर त्या घरात येत होतो. मला कधी कोणी 'तू पण' म्हटलं नव्हतं. मी दोन आंबोळ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या, याचाही मला राग आला.

खोलीवर परत जाताना तो रस्ताभर बोलायचा. "तुला सांगू, त्या घरात तुझ्यामुळं मला कळलं की श्रीमंत लोक पन माणसासारखेच असतात." अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं. मी केला.

प्रदर्शन जवळ आलं तेव्हा मित्र वर्गातून बाहेर पडताना म्हणाला, "मी काय म्हणतो, दुसऱ्या खुर्चीत त्याला बसवू या. तू शेजारी फळ्यावर गणित समजावून सांग. तुला ते चांगलं येतं."

"तो आर्ट्सचा आहे," मी म्हटलं.

"राक्षसाला काय कळतंय?"

मी म्हटलं, "बरं." वडिलांना दुसरा निरोप पाठवायला कोणी जाणारं नव्हतं, आणि असतं तरी काय सांगणार, बसणार नाही, उभा राहणार आहे?

त्यानंतर एका दुपारी मी मित्राकडे गेलो तर तो घरी नव्हता. "ते दोघं बंदरावर गेलेत बोटी बघायला," काकू म्हणाल्या. "तुला बोलले नाहीत? बस हो, खेळ तू." मी बसलो. पेटी चालू केली, खेळ भरला, पहिली झोप टाकली. नाही लागली. बंद केली, परत भरला, टाकली. नाही लागली. काकूंचं देवघराचं दार एकदा लोटलं ते तसंच राहिलं. मग मी तो करायचा तसं केलं. एक फटका, टीव्हीवर आकडा आला सात. दुसरा फटका, चार. मग झोप. लागली.

परत बंद, परत चालू. फटका, सात. फटका, चार. झोप, लागली.

परत सात. परत चार.

आकडे माझ्या लक्षात राहतात. पेटी स्वतःच्या मनानं आकडे काढते असं मी धरून चाललो होतो, पण तिला मन नव्हतं. तिला आकड्यांचं एक लांबलचक पाठांतर दिलेलं होतं, आपल्या प्रत्येक चालीला, फटका असो की झोप, त्यातला पुढचा एक आकडा, आणि बंद करून चालू केलं की ती पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. पहिला आकडा झोपेला नालायक. दोन फटक्यांनंतरचा लायक. हेदवीकडचा मुलगा दर वेळी कालची फुलं काढत होता, दोनदा दार वाजवत होता, आणि दर वेळी त्याच एका आकड्यापाशी येऊन उभा राहत होता.

मला इतका आनंद झाला की मी उठून पडवीत गेलो आणि परत आलो. मग तो हळूहळू उतरला. कारण त्याचा हात चांगला नव्हता हे जसं सिद्ध झालं, तसं माझं पाचात तीनही तिथं नव्हतंच. नव्यानं सुरू केलेल्या पेटीत संभव कसलाच नव्हता. मी ज्या फळ्या भरून गणितं केली ती दुसऱ्या कुठल्या तरी राक्षसाची होती.

तरी मी मित्राला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, कॉलेजच्या पायरीवर, सगळं नीट, हळूहळू. तो ऐकत गेला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे चुकणारच नाही?"

"दोन फटके मारून टाकली तर नाही."

"शंभर टक्के?"

"होय."

"शाब्बास रे हिशेबनीस." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "मला तीच धाकधूक होती, सगळ्यांसमोर फसलं तर काय. आता बिनधास्त त्याला बसवू."

मी म्हटलं, "पण मग कोणीही बसलं तरी लागेल. मी बसलो तरी."

"तू गाऱ्हाणं म्हणशील?"

मी पायरीवरची वही उचलून पिशवीत घातली.

"तेच तर," तो म्हणाला. "आणि हे त्याला सांगू नको हां. सूर जाईल त्याचा."

प्रदर्शनाच्या दिवशी वडील आले. एस.टी.नं थेट, धुतलेला शर्ट घालून, हातात बेकरीतल्या खारीचा पुडा. मला शोधत त्यांनी दारातून आत पाहिलं. टेबलावर टीव्ही, समोर दोन खुर्च्या, त्यात दोघं बसलेले, आणि मी बाजूला खडू घेऊन उभा. फळ्यावर मी पाचात तीन लिहिलं होतं. सरांनी तेच लिहायला सांगितलं होतं. वडिलांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले.

खेळ आधीच भरून ठेवला होता. पेटी नुकतीच चालू केलेली, ताजी फुलं. पाहुणे म्हणून एक वयस्कर गृहस्थ आले होते. नारळ फोडून झाला. मग सर उत्साहात म्हणाले, "आता पाहुण्यांच्या शुभहस्ते कॉम्प्युटरचं पहिलं बटण दाबून उद्घाटन होईल." हे आधी ठरलेलं नव्हतं. मित्रानं एकचं बटण दाखवलं. पाहुण्यांनी, दारावरची घंटी दाबावी आणि आतून कोणी येईपर्यंत सोडू नये, तसं ते दाबून धरलं.

पेटीनं एकामागून एक फटके मारले. सात. चार. पाच. मध्ये मध्ये राक्षसाचेही पडले. मित्रानं हळूच पाहुण्यांचा हात उचलला. टाळ्या झाल्या.

तिसऱ्या फटक्याचा आकडा मी आधी पाहिला नव्हता. दोन फटक्यांनंतरची जागा निघून गेली होती. आमचा जीव एका फटक्यापुरता उरला होता, आणि पुढचा आकडा काय ते मला माहीत नव्हतं. मी मित्राच्या कानाशी वाकलो.

"बंद करून परत चालू करायला हवं."

"आत्ता?" तो ओठ न हलवता म्हणाला. "पाहुण्यांनी उद्घाटन केलेलं बंद करू?"

"नाहीतर नक्की नाही."

"मग किती?"

मी फळ्याकडे पाहिलं. "पाचात तीन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि समोर तोंड फिरवलं. शेजारी बसलेल्याला काहीच माहीत नव्हतं. "पाव्हण्यांनीच दार वाजवलं, बरं झालं," असं म्हणून तो उठला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

तेवढ्या मोठ्या खोलीत आधी दोन-चारच आवाज आले. पण त्यांत एक मागच्या भिंतीकडून आला, मोठा, सवयीचा, आणि तो मी ओळखला. वडिलांनी खारीचा पुडा काखेत धरून हात जोडले होते. दुसऱ्या वाक्याला त्यांच्यामागून सगळे म्हणाले. तिसऱ्याला पाहुणेही म्हणाले.

मी त्या वेळी काय मागत होतो हे मला नक्की सांगता येत नाही. झोप लागू नये असं एक मन म्हणत होतं, हे खरं आहे. पण फळ्यावर माझं पाचात तीन होतं, आणि माझे वडील त्याच्यासाठी व्हय म्हाराजा म्हणत होते. मी इतकी गणितं केली, पण पेटीत खरोखर संभव असलेली पाळी माझ्यासाठी ती पहिलीच होती. आकडा आत ठरलेला होता, आम्हाला कोणाला ठाऊक नव्हता, बस.

त्यानं दोनचं बटण दाबलं. राक्षस झोपला.

टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. पाहुण्यांनी त्याला जवळ बोलावून गाव विचारलं. सर फळ्याकडे हात करून काहीतरी म्हणत होते, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा हात खरंच चालला होता, आणि हे कळलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. मित्रालाही नंतर वाटलं की मीच उगाच घाबरलो.

वडिलांना स्टँडवर सोडायला मी चालत गेलो. खारी त्यांनी मला दिली.

"तू बसनार व्हतास ना?"

"होय. मग बदललं."

"आवाज चांगला हाय त्या पोराचा. कोनाचा तो?"

"हेदवीकडचा. माझ्याच खोलीत असतो."

"बरा हाय." थोडं चालल्यावर म्हणाले, "तू फळ्यावर काय लिवलेलंस?"

"झोप लागायचा संभव. पाच वेळा टाकली तर साधारण तीन वेळा लागेल."

ते विचार करत चालत राहिले. "आनी त्यानं किती येळा टाकलान?"

"एकदाच."

"मग तुझ्यापरीस बरं केलान त्यानं," वडील म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

शिमगा झाल्यावर मी मित्राकडे गेलो. तो बागेत होता, पडवीत पेट्यांचा ढीग नाहीसा झालेला, खिळे ठोकणारी माणसंही गेलेली. काकू आत होत्या. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. पेटी चालू केली, खेळ भरला, आणि एकचं बटण पाहुण्यांसारखं तीनदा दाबलं. सात. चार. पाच. जीव एका फटक्यापुरता उरला. पुढचा आकडा आता मला ठाऊक होता. झोप लागणारच होती, माझ्या हातानंही, आणि त्या दिवशी मी बसलो असतो तरी लागलीच असती, कारण एवढाच जीव उरलेला असताना माझ्या गणितानंही तेच बटण दाबायला सांगितलं असतं.

पण मी लगेच दाबलं नाही. खोलीत कोणी नाही असं बघून मी हात जोडले आणि म्हणालो, "बा देवा म्हाराजा." माझा आवाज बारीक आहे. तरी स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा.

"व्हय म्हाराजा," काकू आतून म्हणाल्या, आणि ओल्या हातांनी दारात आल्या.

"तू होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तो आला."